दरडोई, दररोज

क्रूझचा खरा खर्च शेवटच्या रात्री कळतो. केबिनमधल्या टीव्हीवर किंवा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बिल आधीपासून दिसत असतं, पण सुट्टीवर आलेला माणूस रोज हिशेब उघडून बसत नाही. शेवटच्या रात्री बॅगा भरून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, पासपोर्ट वर काढायचे असतात, आणि त्या गडबडीत कुणीतरी म्हणतं, "एकदा बघून घे गं, किती झालं ते." मग एकेक ओळ वाचायला सुरुवात होते. मुलांनी घेतलेली कोल्ड्रिंक्स. एका दिवसाचं वायफाय. जहाजावर चढताना काढलेला आणि आजीला आवडला म्हणून घेतलेला फोटो. आणि या सगळ्यांपेक्षा मोठा आकडा ज्या ओळीसमोर असतो, ती ओळ म्हणजे ग्रॅच्युइटी, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी आपोआप लावलेली टीप. दरडोई, दररोज.

अमेरिकेतल्या मोठ्या क्रूझ कंपन्या सध्या साध्या केबिनसाठी माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर लावतात. स्वीट घेतला तर त्याहून जास्त. हिशेब माणशी असतो, खोलीमागे नाही, आणि बहुतेक जहाजांवर शाळकरी मुलंही त्यात पूर्ण धरली जातात. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं असे सहा जण पाच रात्रींसाठी गेले आणि दर १८ डॉलर धरला, तर ५४० डॉलर होतात. रुपयांत ४५ हजारांच्या वर. एवढ्या पैशांत घरातल्या आणखी एका माणसाचं विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट निघालं असतं. आणि हे सगळं "जेवण, मुक्काम, करमणूक सगळं तिकिटात" असं वाचून आलेल्या माणसाला कळतं.

आमची क्रूझ सिंगापूरहून होती. मरिना बेच्या टर्मिनलवरून निघून पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. बरोबर आई, मामा-मामी, नवरा आणि मुलं. मामा सहकारी बँकेत ऑडिटला होता. त्याच्या हातात छापील कागद आला की तो तळटीपेपासून वाचायला सुरुवात करतो. त्यामुळे ग्रॅच्युइटीची ओळ आमच्यात पहिल्यांदा त्यालाच दिसली, आणि तीही शेवटच्या रात्री नाही, पहिल्याच संध्याकाळी.

"हे कुणी मागितलंय?" त्याने विचारलं. "सेवा आवडली तर मी माझ्या हाताने देईन. न विचारता खात्यातून वळते करून घ्यायचे, हे मला मान्य नाही."

मामा कंजूष नाही. त्याच्या घरी पोस्टमन, सफाईवाले, सोसायटीचे वॉचमन या सगळ्यांची दिवाळी पाकिटं तो स्वतः तयार करतो, आणि दरवर्षी रक्कम वाढवतो. त्याचा आक्षेप पैशाला नव्हता, पद्धतीला होता. आणि आपल्याकडे कायद्याचं बळही त्याच्याच बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांना आणि रेस्टॉरंटांना सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, तो ग्राहकाच्या मर्जीवर. हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. ठाण्यातल्या कुठल्याही हॉटेलात बसून मामाने हा वाद घातला असता तर मी त्याच्या बाजूने बोलले असते.

जहाजावर मी त्याच्या विरुद्ध बोलले.

गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर रांग होती. आमच्या पुढे एक मोठा ग्रुप होता, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. त्यातले एक काका मागच्यांना समजावत होते की फॉर्म भरून दिला की सगळी ग्रॅच्युइटी खात्यातून काढतात, कारण विचारत नाहीत. हा सल्ला आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, क्रूझला जाणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी तो देतंच. आणि तो खरा आहे. बऱ्याच जहाजांवर ही रक्कम कमी करता येते किंवा पूर्ण काढून टाकता येते. काउंटरवरची मुलगी हसतमुखाने फॉर्म पुढे करते.

मामाला मी रांगेतून बाजूला घेतलं. "फॉर्म भरायचा तर भर, पण त्याआधी हे पैसे कुठे जातात ते ऐकून घे."

तेव्हा त्याला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा हिशेब तिकीट काढतानाच कळायला हवा असं मला फार वाटतं.

जहाज ज्या कंपनीचं असतं त्या कंपनीच्या देशाचा झेंडा त्यावर असेलच असं नाही. बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा यांचे झेंडे क्रूझ जहाजांवर सगळ्यांत जास्त दिसतात. याची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेत दारूबंदी होती, अमेरिकन झेंड्याखाली दारू विकता येईना, म्हणून १९२२ मध्ये 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' ही दोन प्रवासी जहाजं पनामाच्या नावावर गेली. पुढे दारूबंदी उठली, पण सोय कायम राहिली. कारण झेंड्याबरोबर करही बदलतात आणि कामगार कायदेही. भर समुद्रात अमेरिकेचं किमान वेतन किंवा सिंगापूरचे नियम आपल्या केबिन स्टुअर्डला, म्हणजे केबिन आवरणाऱ्याला, लागू होत नाहीत.

त्याला लागू होतो तो आंतरराष्ट्रीय करार, २००६ चा सागरी कामगार करार. तो २०१३ मध्ये अमलात आला, भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यापूर्वीच्या स्थितीपेक्षा तो नक्कीच चांगला आहे. पण त्यातली विश्रांतीची अट बघा: २४ तासांत निदान १० तास आणि ७ दिवसांत निदान ७७ तास. आठवड्याचे तास १६८. म्हणजे ही अट पाळूनही आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम करून घेता येतं. रोजचे १३ तास. आणि आठवड्याची सुट्टी? जहाजावर प्रवाशांचा रविवार असतो, कर्मचाऱ्यांचा नसतो. सहा, आठ, कधी नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं आणि त्यात एकही अख्खा मोकळा दिवस न मिळणं ही तिथली रीतच आहे.

आता पगार. केबिन साफ करणारे, जेवण वाढणारे, बारवरचे यांच्या हातात महिन्याला जे पडतं त्यातला मोठा भाग हा आपल्या ग्रॅच्युइटीच्या ओळीतून येतो. कंपनी-कंपनीत पद्धत वेगळी आहे. कुठे मूळ पगार अगदी थोडा आणि बाकी वाटणीतून, तर कुठे कंपनी एका ठरलेल्या रकमेची हमी देते आणि ती रक्कम या जमा पैशांतून भरून काढते. पण सगळीकडे समान आहे ते हे की हा पगारच आहे, फक्त कंपनीच्या तिजोरीतून न निघता प्रवाशाच्या कार्डातून निघालेला. आणि तो आपल्याला दिसणाऱ्या दोन-तीन माणसांपुरता नसतो. तळमजल्यावर लाँड्रीत चादरी धुणारे, गॅलीमध्ये, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, ताटं घासणारे, ज्यांचं तोंडही प्रवाशाला दिसत नाही, त्यांचाही वाटा बहुतेक ठिकाणी याच पैशांत असतो. "आवडलं तर हातात देईन" या मामाच्या न्यायात त्यांना कोण देणार?

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत चाकरीला जी माणसं घेतली त्यांत गुलामीतून नुकतीच सुटलेली कृष्णवर्णीय माणसं मोठ्या संख्येने होती. पगार नाममात्र, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. प्रवासी खूश असला पाहिजे, म्हणून पोर्टर सतत हसत राहिला पाहिजे, म्हणजे कंपनीचं नाव मोठं, आणि पगाराचा बोजा दुसऱ्यावर. त्या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि तब्बल १२ वर्षं लढून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. पगार वाढला, आणि महिन्याला ४०० तासांच्या आसपास जाणारं काम २४० तासांवर आलं. त्यांची मूळ मागणीच ही होती की आमचं पोट प्रवाशाच्या मनःस्थितीवर नको. तरीही टिपेवरच्या नोकरांसाठी अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन आजही तासाला २.१३ डॉलर आहे. १९९१ पासून तेवढंच. क्रूझचा धंदा याच देशातल्या सवयींवर वाढला, आणि ती सवय जहाजावर बसून पेनांगपर्यंत पोहोचली.

आमच्या मजल्यावरचा स्टुअर्ड गोव्यातल्या साष्टीचा होता. दुसऱ्या दिवशी आई आणि मामी कॉरिडॉरमध्ये बोलत असताना त्याने ट्रॉली थांबवून विचारलं, "तुमी खंयचीं?" मामी मूळची वेंगुर्ल्याची. मग पुढचे सगळे दिवस दोघांचं बोलणं अर्धं मालवणी, अर्धं कोंकणी. त्याच्याकडे वीसेक केबिन होत्या. सकाळी एकदा सगळ्या आवरायच्या, संध्याकाळी प्रवासी जेवायला गेले की पुन्हा. घरी असतो त्या महिन्यांचा पगार नाही, असं त्याने मामीला सांगितलं, तेही तिने विचारलं म्हणून. ग्रॅच्युइटी काढून घेणाऱ्यांबद्दल मी विचारलं तेव्हा तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ते सगळ्यांचे पैशे, ताई. खालच्यांचेय." एवढंच. तक्रार त्याला परवडणारी नव्हती. प्रवास संपल्यावर प्रवाशांना जी गुणांची प्रश्नावली जाते, तिच्यावर त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट आणि बढती अवलंबून असते. मी आणखी विचारलं नाही, कारण त्याने काही बोलणं त्याच्याच अंगाशी आलं असतं.

गोव्याच्या माणसाने जहाजावर ताट वाढणं ही चार-दोन वर्षांतली गोष्ट नाही. इंग्रजांच्या काळात पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्टुअर्ड, स्वयंपाकी, पँट्रीवाले गोव्याचे असत आणि डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी. एकाच बोटीवर, गोऱ्या कामगारांपेक्षा कितीतरी कमी पगारात. कोंकणीत जहाजावर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि या तारवटींची मुंबई म्हणजे धोबीतलावचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक बिऱ्हाडं. एकेका गावाचा एकेक कूड. जेर महालच्या इमारतीत असे कितीतरी. बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं, भिंतीलगत आपली पेटी, समोर आल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. साष्टीतल्या कितीतरी घरांचे मजले, मुलांची शिक्षणं आणि बहिणींची लग्नं या बोटींच्या पैशांवर उभी राहिली. तेव्हाही प्रवाशाच्या खुशीचा वाटा त्यात होताच.

एप्रिल २०२०. सगळं जग बंद, आणि हजारो कर्मचारी रिकाम्या जहाजांवर अडकलेले. बंदरं घेईनात. प्रवासी नाहीत म्हणजे ग्रॅच्युइटी नाही, कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणजे पगार नाही, आणि घरी जायची सोय नाही. 'मरेला' या ब्रिटिश कंपनीची 'मरेला डिस्कव्हरी' ही क्रूझ मुंबईबाहेर समुद्रात उभी होती, तिच्यावर १४० हून अधिक भारतीय कर्मचारी, त्यांत गोव्याचे बरेच. बरेच दिवस थांबल्यावर २३ एप्रिलला त्यांना मुंबईत उतरू दिलं. गोव्यात त्यांच्या घरची माणसं तेव्हा सरकारकडे खेपा घालत होती. ते दिवस आठवले की काउंटरवरचा फॉर्म मला एक साधा कागद वाटत नाही.

आता मामाच्या बाजूने.

त्याच 'मरेला'च्या जहाजांवर टिपा तिकिटातच धरलेल्या असतात. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनेही मे २०१९ पासून रोजची वेगळी रक्कम लावणं बंद करून ती भाड्यात घेतली. महागड्या कंपन्यांपैकी अनेक जणी हेच करतात. म्हणजे हे जमत नाही असं नाही. बाकीच्या कंपन्या करत नाहीत, कारण जाहिरातीतला आकडा लहान ठेवायचा असतो. कॅलिफोर्नियाने कायदा करून १ जुलै २०२४ पासून पहिल्याच किमतीत सगळी सक्तीची शुल्कं दाखवायला लावली, तेव्हा बंदराचे कर आणि इतर शुल्कं जाहिरातीतल्या भाड्यात आली. ग्रॅच्युइटी मात्र बाहेरच राहिली, कारण कागदोपत्री ती ऐच्छिक. पगार म्हणून मोजायची, आणि किंमत सांगताना ऐच्छिक म्हणायची. मामाचा राग इथे अगदी योग्य जागी होता, आणि मी त्याला तसं सांगितलंही.

आणि बाकीचे खर्च? त्यांना माझी काहीच सहानुभूती नाही. पेयांच्या पॅकेजचंच बघा. अनेक कंपन्यांचा नियम असा की एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं. नवरा दोन बिअर पिणार म्हणून सोलकढीपलीकडे न जाणाऱ्या बायकोचेही पैसे. वर प्रत्येक पेयावर १८ टक्के किंवा त्याहून जास्त सेवाशुल्क. मुलांचा क्लब दिवसभर फुकट असतो, पण अनेक जहाजांवर रात्री दहानंतर तासावर पैसे लागतात, आणि आईबाबांना नाटक किंवा शो बघायची वेळ नेमकी तीच. डेबिट कार्ड नोंदवलं तर प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती सुटायला घरी परतल्यावरही दिवस जातात. आमच्या रांगेतल्या एका बाईंचं फॉरेक्स कार्ड असंच अडकलं होतं, फुकेतला खाली उतरून काही घ्यायला पैसे उरले नव्हते. क्रेडिट कार्ड द्यावं, हे मी प्रत्येकाला सांगते.

या खर्चांना नाही म्हणता येतं. वायफाय नको, फोटो नको, जादा पैसे घेणारं खास रेस्टॉरंट नको, जहाजाची सहल नको, आपण बंदरावर टॅक्सी करू. इथे काटकसर करावी आणि मनसोक्त करावी. कंपनीच्या नफ्यातून ती वजा होते. ग्रॅच्युइटीच्या ओळीवर केलेली काटकसर मात्र आपल्या चादरी बदलणाऱ्याच्या पाकिटातून वजा होते. बिलात या सगळ्या ओळी एकाखाली एक, सारख्याच टायपात येतात, आणि त्यामुळे चिडलेला माणूस जी सगळ्यांत मोठी आहे आणि जी एका फॉर्मने निघते तिच्यावरच हात टाकतो.

आपल्या टूर कंपन्यांनीही इथे स्पष्ट बोलायला हवं. काही जण ही रक्कम पॅकेजमध्ये धरतात आणि तसं लिहितात, ते उत्तम. काही जण पत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत "टिपा वगळून" एवढंच छापतात. सत्तरीच्या जोडप्याने आयुष्यभराच्या बचतीतून एक प्रवास ठरवला असेल, तर त्याला पूर्ण रक्कम पहिल्या भेटीत, रुपयांत, एका ओळीत कळली पाहिजे. न परवडणारा प्रवास न करण्याचा त्यांना हक्क आहे. पण प्रवास करून, दोन वेळा केबिन आवरून घेऊन, रोज टॉवेलचा हत्ती बनवणाऱ्याला "उद्या पण बनव" असं नातवंडांकरवी सांगून, शेवटच्या रात्री त्याचा पगार कापायचा हक्क मला कुणाचाच वाटत नाही. माझ्या मामाचासुद्धा नाही.

मामाने फॉर्म भरला नाही. त्याला माझं सगळं पटलं असंही नाही. ग्रॅच्युइटी हा पगार असेल तर कंपनीने तो पगार म्हणून द्यावा आणि भाडं तेवढं वाढवून सांगावं, यावर तो ठाम राहिला, आणि या मुद्द्यावर आमच्यात मतभेद नव्हतेच. शेवटच्या दिवशी मामीने स्टुअर्डच्या हातात वेगळं पाकीट दिलं. त्यात किती होते ते तिने कुणालाच सांगितलं नाही. मी प्रश्नावलीत त्याला पूर्ण गुण दिले आणि खालच्या रकान्यात त्याचं नाव आणि मजला लिहिला, कारण नावानिशी आलेली शिफारस त्याच्या वरिष्ठांपर्यंत जाते.

घरी आल्यावर मामाने कंपनीला ईमेल लिहिला. ऑडिटच्या जुन्या शिस्तीत, क्रमांक घालून. पूर्ण भाडं पहिल्या पानावर दाखवा. ग्रॅच्युइटी त्यात धरा. कर्मचाऱ्याला किती मिळते ते प्रवाशाला सांगा. उत्तर आलं, त्यात आमच्या प्रतिसादाबद्दल आभार होते आणि पुढच्या प्रवासावर सवलत होती. त्याच्या तीन मुद्द्यांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. त्याने सवलत नाकारली आणि तेच तीन मुद्दे पुन्हा पाठवले, या वेळी टूर एजंटलाही प्रत टाकून. एजंटाने मात्र दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि विचारलं, पुढच्या मोसमाच्या पत्रकात ही रक्कम नेमकी कुठे आणि कशी छापू?